पहिलीचा पहिला धडा

मृगाच्या सरी पडल्या, की आपल्याकडे दोन पेरण्या बरोबरच सुरू होतात. एक शिवारात आणि दुसरी शाळेत. जूनच्या मध्याला शाळेची घंटा वाजते. विदर्भात उन्हामुळे आठ-पंधरा दिवस उशिरा, एवढाच काय तो फरक. सहा वर्षांचे पोर नवे दप्तर पाठीला अडकवून आईचे बोट धरून जाते, थोडे रडते, थोडे हसते आणि दुपारी घरी येते. संध्याकाळी बाप शेतावरून येतो, पाय धुतो आणि विचारतो, “काय रं, काय शिकलास आज?” पोर सांगते, “काय न्हाई. गाणं म्हटलं, चिंचोके मोजले, मातीचा बैल केला.”

मग बापाच्या कपाळाला आठी पडते. “हे काय शिकणं झालं? आमच्या वेळी पहिल्या दिवसापासून अक्षर गिरवायला लावत. मातीचा बैल काय घरी करता येत न्हाई?”

मंडळी, या बापाचे चुकले असे मी एकदम म्हणणार नाही. पोटाला चिमटा घेऊन त्याने दप्तर आणले आहे. त्याला हिशोब हवा, तो रास्तच आहे. पण आज मी आपल्याला त्या पहिल्या धड्याची गोष्ट सांगणार आहे. हा धडा काही ब्रह्मदेवाने लिहून ठेवलेला नाही. गेल्या दोनशे वर्षांत तो अनेक वेळा बदलला, आणि दर वेळी तो का बदलला याला कारण आहे. ते कारण कळले, तर आपले पोर जूनमध्ये काय शिकते आहे आणि कोठे अडते आहे, हेही आपल्याला नीट कळेल.

तर चला, प्रथम पंतोजींच्या शाळेत जाऊ.

दोनशे वर्षांपूर्वी गावातली शाळा म्हणजे कोणाच्या तरी वाड्याची पडवी किंवा देवळाची ओवरी. तेथे पंतोजी बसत. त्यांना पगार सरकार देत नसे. मुलांच्या घरून धान्य येई, सणावाराला शिधा येई, थोडे पैसे येत. पहिली, दुसरी, तिसरी असे वर्ग नव्हते. सगळी मुले एकाच ठिकाणी बसत, आणि पुढे गेलेला मुलगा मागच्याला शिकवी. विशेष म्हणजे शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई, असेही नव्हते. ज्या मुलाचा मुहूर्त ज्या दिवशी, त्या दिवशी त्याची शाळा सुरू. पुष्कळ घरी विजयादशमीचा दिवस धरीत. पाटीवर सरस्वती काढायची, तिची पूजा करायची आणि मुलाचा हात धरून पहिले अक्षर काढायचे. म्हणजे “शाळा सुरू होणे” ही गोष्ट गावाची नव्हती. ती एकेका घराची होती.

पहिला धडा काय असे? लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची. तिला म्हणत धूळपाटी. तिच्यावर बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे, हलवले की पुसले, पुन्हा काढायचे. धुळाक्षरे हा शब्द तेथूनच आला. आरंभी “श्रीगणेशाय नमः” आणि त्याच्या मागोमाग “ओनामासीधं”. मुलाला याचा अर्थ ठाऊक नसे, आणि पुष्कळदा पंतोजींनाही नसे. मूळ शब्द “ॐ नमः सिद्धम्”. शेकडो वर्षे मुलांच्या तोंडी घोळून घोळून त्याचे ओनामासीधं झाले. आजही आपण कोणत्याही कामाची सुरुवात केली की “श्रीगणेशा केला” म्हणतो, “ओनामा झाला” म्हणतो. आपली जीभ अजून त्या पडवीतच बसलेली आहे, बघा.

धुळीवर हात बसला की बोरू आणि कागद. पंतोजी आपल्या वळणदार हाताने ओळ लिहून देत, तो कित्ता. मुलाने तो गिरवायचा. व्यवहाराची लिपी मोडी होती, कारण सावकाराची वही मोडीत, पाटील-कुलकर्ण्याचे दप्तर मोडीत, पत्रे मोडीत. आज आपण जी बालबोध लिपी वाचतो, ती मुख्यतः पोथीची लिपी होती.

आणि मग अंक. नुसते बे एके बे, बे दुणे चार नव्हे हो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी! औट म्हणजे साडेतीन. साडेतीनाचा पाढा तोंडपाठ. आजच्या मुलाला हे सांगितले तर तो डोळे मोठे करील. पण त्या काळचा बाजार आठवा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. मणाचे चाळीस शेर, शेराचे चार पावशेर. सारा व्यवहार पाव, अर्धा आणि पाऊण यांचा. सव्वा आणा शेर या भावाने बारा शेर धान्य घेतले तर किती आणे झाले? कागद नको, पेन्सिल नको. सवायकी येणारा मुलगा ताडकन सांगे, बारा सवा पंधरा. पंधरा आणे. दिवेलागणीला घराघरांतून परवचा म्हटला जाई, त्यात हे पाढे असत. पावकी-निमकी ही त्या बाजाराची किल्ली होती.

पण ही किल्ली कोणाच्या हातात होती? पडवीत बसणारी मुले बहुतेक ब्राह्मणांची, वाण्यांची, सोनारांची, आणि काही पाटलांच्या घरची. मुली जवळजवळ नव्हत्याच. ज्यांना अस्पृश्य मानत, त्यांना तर पडवीची पायरीही चढता येत नसे. कुणब्याचे पोर गुरांमागे. म्हणून बाजाराच्या दिवशी काय होई? एकाला सवायकी येत असे आणि दुसऱ्याला येत नसे. ज्याला येत नसे त्याने धान्य पिकवलेले असे, आणि ज्याला येत असे त्याने ते वहीत मांडलेले असे. अंगठा कोण उठवी, ते मी सांगायला नको.

आता पुढे येऊ. १८१८ मध्ये पेशवाई गेली. १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला. १८२४ च्या सुमारास सरकारने गावोगावच्या शाळांची माहिती मागवली. शाळा होत्या, पण छापील पुस्तक जवळजवळ कोठेच नव्हते. मग मुंबईत पुस्तके तयार करणारी मंडळी उभी राहिली. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्याच वर्षी गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. १८५५ मध्ये सरकारी शिक्षणखाते सुरू झाले. मेजर कँडी या भाषांतरकार साहेबाच्या देखरेखीखाली शाळांसाठी पहिले पुस्तक, दुसरे पुस्तक अशी क्रमिक पुस्तके तयार झाली.

ही केवढी उलथापालथ होती ते पाहा. छापील पुस्तक आले, म्हणून रत्नागिरीच्या मुलाचा आणि खानदेशातल्या मुलाचा पहिला धडा एकच झाला. इयत्ता आल्या, परीक्षा आल्या, घोड्यावर बसून तपासणीला येणारे डिपुटीसाहेब आले. पुस्तक बालबोधीत छापले जाई, म्हणून पोथीची लिपी शाळेची लिपी झाली. मोडी मात्र लगेच गेली नाही. कचेरीत आणि दुकानात ती चालूच होती, म्हणून शाळेतही ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिकवली जाई. आपल्या घरात आजोबा-पणजोबांची जुनी कागदपत्रे असतील तर उघडून पाहा. मोडीतली असतील. घर आपले, जमीन आपली आणि कागद आपल्यालाच वाचता येत नाही! पहिल्या धड्यातून एक लिपी गळली, की काय होते ते त्या कागदावर दिसते.

आणखी एक गोष्ट छापील पुस्तकाबरोबर आली. पुस्तकाची भाषा शिकलेल्या घरातली, प्रमाण मराठी. ज्याच्या घरी तीच बोली होती, त्याला पुस्तक ओळखीचे वाटले. ज्याच्या घरी “न्हाई”, “व्हतं”, “कुटं” असे बोलत, त्याला पहिल्या दिवसापासून दोन गोष्टी शिकाव्या लागल्या. एक अक्षर, आणि दुसरी परकी वाटणारी बोली. मास्तरांना वाटे, पोर मठ्ठ आहे. पोर मठ्ठ नव्हते, त्याच्या डोक्यावर दोन ओझी होती.

आता मी आपल्याला ज्या माणसाकडे नेणार आहे, त्याचे नाव आपल्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. जोतीराव फुले. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. रस्त्याने जाताना त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला, हे आपण ऐकलेले आहे. पण जोतीरावांनी पुढे केलेले एक काम तितके सांगितले जात नाही, ते मी आज मुद्दाम सांगतो.

१८८२ मध्ये सरकारने शिक्षणाची चौकशी करण्यासाठी हंटरसाहेबांचे कमिशन नेमले. जोतीरावांनी त्या कमिशनपुढे लेखी निवेदन दिले. त्यांचे म्हणणे असे, की सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो बहुतांशी शेतकऱ्याच्या घामातून, आणि खर्च होतो तो शहरातल्या वरच्या शिक्षणावर. म्हणून बारा वर्षे वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. एवढे सांगून ते थांबले नाहीत. गावच्या शाळेत काय शिकवावे, तेही त्यांनी सांगितले. वाचन, मोडी आणि बालबोध लेखन, हिशोब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आणि नीती व आरोग्य यांचे थोडे धडे.

गुरुजनहो, ही यादी पुन्हा एकदा मनात वाचा. यात मोडी का? कारण सावकाराची वही मोडीत होती. हिशोब का? कारण फसवणूक हिशोबात होत होती. शेती का? कारण मुलगा उद्या नांगर धरणार होता. आरोग्य का? कारण रोगराईत गावे ओस पडत होती. प्रत्येक विषयामागे गावातले एकेक दुःख उभे आहे. आणि शिक्षक कसा हवा? जोतीराव म्हणाले, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात घ्यायला ज्याला लाज वाटणार नाही, असा. म्हणजे मुलाच्या बापाच्या कामाला जो कमी लेखत नाही, तोच त्या मुलाला शिकवू शकेल. एकशे चाळीस वर्षे होऊन गेली, पण शिक्षकाची याहून चांगली परीक्षा मला तरी ठाऊक नाही.

सक्तीची ही मागणी लगेच मान्य झाली नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात सक्तीचे शिक्षण लागू केले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये हिंदुस्थानच्या वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. अगदी बेताचे, हळूहळू जाणारे विधेयक. तरीही १९१२ मध्ये ते पडले. बाजूने १३ मते, विरुद्ध ३८. पोरे शाळेत गेली तर शेतावर कामाला कोण येणार, ही भीतीही विरोधकांत होतीच. मग १९१७ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना तशी सक्ती करण्याची मुभा मिळाली. साऱ्या देशासाठी मुलाचा हक्क म्हणून कायदा व्हायला मात्र २००९ साल उजाडले. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचे शिक्षण हा कायदा अमलात आला. गोखल्यांचे विधेयक पडल्यापासून अठ्ठ्याण्णव वर्षे गेली होती.

शाळेचे दार असे हळूहळू उघडत होते, आणि आत पहिला धडाही बदलत होता. १९३० च्या दशकात आचार्य अत्र्यांची नवयुग वाचनमाला निघाली. मुलाला हसू येईल, वाचावेसे वाटेल, असे पुस्तक असावे हा विचार तिच्यामुळे घरोघर गेला. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षणतज्ज्ञांना बोलावले आणि सांगितले, की शिक्षण हातापासून सुरू करा. मग काही शाळांत पहिल्या दिवशी पाटीऐवजी टकळी आली. सूत काढता काढता मोजणे, कापूस वेचता वेचता जमीन आणि पाऊस समजणे. ही योजना सगळीकडे रुजली नाही. पालकांना वाटले, आमची पोरे काय सूत काढायला शाळेत पाठवायची? हुबेहूब आपल्या मातीच्या बैलाचीच तक्रार! पण हात आणि डोके यांची गाठ असते, हा विचार मागे राहिला तो राहिलाच.

तो विचार आपल्या मातीत रुजवला दोन बायांनी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर लहान मुलांच्या शिक्षणाचे काम केले होते. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या. तेव्हाचा तो ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर. अनुताई तेथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आजूबाजूला वारली पाडे. आईबाप मजुरीला, मोठे भावंड धाकट्याला सांभाळायला, नाहीतर गुरांमागे. बालवाडी उघडली, पण मुले येईनात.

मग या दोघींनी काय केले? मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाकडे न्यायची. पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरू लागली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली, तिचे नावच कुरणशाळा. धाकट्या भावंडासाठी पाळणाघर, मधल्याची बालवाडी आणि मोठ्याची प्राथमिक शाळा एकाच आवारात केली, म्हणजे मोठ्याची शाळा बुडायला नको. बाहेरून महाग साधने आणण्याऐवजी खडे, बिया, शिंपले, पाने, माती हीच साधने केली. चिंचोके मोजणारे आणि मातीचा बैल करणारे मूल ते हेच, मंडळी. आज गावोगावी अंगणवाडी आहे. १९७५ च्या २ ऑक्टोबरला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द साऱ्या देशात गेला. त्याच्या मुळाशी पाड्यावरचे ते अंगण आहे.

आता बाजाराकडे पुन्हा एकदा वळू. १९५७ च्या १ एप्रिलला आणे गेले आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्यानंतरच्या काही वर्षांत शेर-मण गेले आणि किलो आले. ज्या बाजारासाठी औटकी पाठ करायची तो बाजारच गेला, आणि औटकीही पहिल्या धड्यांच्या मागे पडली. म्हातारी माणसे हळहळली. पण पाव किलो, दीड किलो, अडीच किलो हे शब्द आपल्या तोंडी राहिले आहेत. म्हणून मी म्हणतो, आजीला सवायकी येत असेल तर तिच्याकडून नातवाने जरूर ऐकावी. शाळा मागणार नाही, पण बाजारात उपयोगी पडेल.

१९६७ च्या जानेवारीत पुण्याला पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, स्थापन झाली आणि राज्यभर एकसारखी पुस्तके जाऊ लागली. शिकवण्याची रीतही बदलली होती. अ, आ, इ, ई आणि क, ख, ग, घ हा आपला जुना क्रम. तो फार शास्त्रशुद्ध आहे. कंठातून निघणारा क, टाळूवरचा च, मग ट, दातांवरचा त आणि ओठांवरचा प. जीभ आतून बाहेर कशी येते, त्याप्रमाणे अक्षरे लावलेली. पण हा क्रम जिभेसाठी चांगला, हातासाठी नव्हे. हाताला ज्ञ, क्ष, ऋ अवघड आणि ग, म, भ, न सोपी. एक उभी रेघ आणि तिच्या डावीकडे एक वळण, झाले अक्षर. म्हणून शिक्षकांनी ग म भ न असा क्रम धरला. त्या चार अक्षरांत “मन” आहे, “नभ” आहे, “गगन” आहे. चौथ्या दिवशी पोर अर्थाचा शब्द वाचते आणि त्याच्या तोंडावर जो आनंद दिसतो, तो ज्याने पाहिला त्यालाच ठाऊक. ओनामासीधं म्हणणाऱ्या मुलाला तो आनंद मिळायला किती महिने लागत असतील!

अंकांचेही असेच. मराठीत आपण “पंचवीस” म्हणतो. कान पहिल्यांदा “पाच” ऐकतो, मग “वीस”. पण लिहिताना आधी दोन आणि मग पाच. त्रेसष्ठ ऐकून पोर आधी तीन लिहिते आणि मग सहा. झाले ३६! मास्तर चूक म्हणतात, आणि पोराला कळत नाही की आपण ऐकले तसेच लिहिले, मग चुकले कोठे? एकोणतीस तर आणखी गमतीचा, तिसाला एक कमी. हीच अडचण ध्यानात घेऊन २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात “वीस पाच”, “साठ तीन” अशी जोडवाचनाची रीत दिली, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. विधानसभेतही तो गाजला. आपली भाषा मोडली असे काहींना वाटले, मुलाला हात दिला असे काहींना वाटले. मी त्या वादात आज शिरत नाही. पण अडचण खरी आहे, एवढे दोन्ही बाजूंनी मान्य करावे. दहा-दहा काड्यांची जुडी बांधून मुलापुढे ठेवा. सहा जुड्या आणि तीन सुट्या काड्या. मग शब्द कोणताही वापरा, ६३ त्याला समजेल.

आता आपण आजच्या जूनपर्यंत आलो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पहिलीच्या मुलासाठी आरंभीचे तीन महिने खेळातून तयारी करून घेण्याची सूचना आहे. २०२१ मध्ये त्याप्रमाणे “विद्याप्रवेश” हा कार्यक्रम आणि तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, साधा हिशोब यावा यासाठी “निपुण भारत” अभियान सुरू झाले. म्हणून आपले पोर जूनमध्ये गाणी म्हणते, चित्रातल्या गोष्टी सांगते, रेघा आणि गोल काढते, बिया मोजते, माती मळते. माती मळणे म्हणजे वेळ घालवणे नव्हे, बरं का. ज्या बोटांनी अजून भाकरीचा उंडासुद्धा धरलेला नाही, त्यांना पेन्सिल पेलत नाही. मातीत बोटांना बळ येते. बैलाला चार पाय लावताना चार ही संख्या बोटांतून डोक्यात जाते. आणि बैल केल्यावर मास्तर विचारतात, “तुझ्या बैलाचं नाव काय? तो कुठं चरतो?” तेव्हा मूल चार माणसांत, वर्गात, आपल्या बोलीत बोलायला शिकते. जे बोलायला बिचकते, ते पुढे वाचायलाही बिचकते.

मात्र गुरुजनहो, एक गोष्ट खरी आहे आणि ती मोकळेपणाने बोलली पाहिजे. तीन महिन्यांचा खेळ जर नुसता खेळच राहिला, तर बापाची तक्रार खरी ठरेल. बैल करून झाला, आता “बैल” या शब्दापर्यंत जायचे आहे, हे शिक्षकाच्या मनात पक्के असावे लागते. शिकलेल्या घरातले पोर घरी पुस्तक पाहते, त्याला आई वाचून दाखवते. मजुराच्या पोराला शाळेशिवाय दुसरे ठिकाण नाही. पहिल्या वर्षी त्याचा धडा चुकला तर ते दुसरीत मागे पडते, चौथीत गप्प बसते, आणि मग एक दिवस बाप म्हणतो, “याच्या नशिबात अक्षर न्हाई, चल ढोरामागं.” नशिबाचे नाव होते, पण चूक पहिल्या धड्यातली असते.

आणि भाषेचे काय? नंदुरबारच्या सातपुड्यात मूल पावरी किंवा भिलोरी बोलत येते, गडचिरोलीत गोंडी बोलत येते, पालघरात वारली बोलत येते. साखरकारखान्यावर ऊसतोडीला गेलेल्या घरचे पोर तर निम्मे वर्ष परगावी असते. १९५६ च्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम राज्यघटनेत आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. सगळ्या शाळांत तेवढी सोय होईपर्यंत शिक्षकाला एक गोष्ट करता येते. त्या पोराच्या बोलीतले वीस शब्द आपण शिकावे. पाणी, भूक, आई, ये, बस, छान. मास्तर आपला शब्द बोलले, एवढ्यानेच पोराची निम्मी भीती जाते. जोतीरावांनी सांगितलेली नांगराची मूठ ती हीच.

आता आईबापांना दोन शब्द. आपल्याला अक्षर येत नसले तरी पोराला आपण शिकवू शकता. रोज संध्याकाळी विचारा, “आज काय केलंस, मला सांग.” त्याने सांगितलेले पुरते ऐका, मधे तोडू नका. भाकरी मोजायला लावा, शेळ्या मोजायला लावा, आठवड्याच्या बाजारात पैसे मोजून द्यायला लावा. आणि पेरणीच्या घाईत “आज शाळा राहू दे” असे म्हणू नका. या पहिल्या महिन्यात चुकलेला दिवस पुढे फार महाग पडतो. तिसरी गोष्ट, शाळेत जाऊन मास्तरांना बेधडक विचारा, “माझं पोर काय शिकतंय, दाखवा.” तो आपला हक्क आहे.

ओवरीतल्या पंतोजींच्या काळी गावातली थोडी मुले धूळपाटीपर्यंत पोचत. आज शाळेचे दार साऱ्यांना उघडे आहे. एवढे मिळवायला फुल्यांपासून अनुताईंपर्यंत किती जणांची हयात गेली, ते आपण पाहिले. आता प्रश्न दारातून आत आलेल्या पोराचा आहे.

तेव्हा आज संध्याकाळी आपले पोर मातीचा बैल घेऊन घरी आले, तर तो फेकू नका. देवळीत ठेवा. त्याला विचारा, बैलाचे नाव काय ठेवलेस? आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा विचारा, “तो शब्द आता लिहून दाखव बघू.” त्याने लिहून दाखवला, तर पेरणी चांगली झाली असे समजा. नाही दाखवला, तर पोराला रागावू नका. सकाळी त्याच्याबरोबर शाळेत जा.